परक्या कोडला किनाऱ्यावरची जागा नको

सप्टेंबर 2025 मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम भांडारात, जिथून प्रोग्रामर इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची पॅकेजेस घेतात, एक किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, शिरला. तो प्रोग्रामरच्या मशिनवरच्या चाव्या आणि टोकन (पासवर्डसारख्या गुप्त खुणा) हुडकायचा, कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी टाकायचा आणि त्याच चाव्या वापरून त्या प्रोग्रामरच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये शिरायचा. शेकडो पॅकेजेस बाधली. तेव्हापासून कोल्हापुरात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची चार डोकी जमली की हाच वाद निघतो. एक बाजू म्हणते, कुणी लिहिला, कुठे बसून लिहिला हे माहीत नसलेला कोड घ्यायचाच कशाला, आपण आपलं लिहावं. दुसरी बाजू म्हणते, सगळं जग तोच कोड वापरतं, हजारो लोक तो बघतात, एवढा अविश्वास असेल तर धंदाच करू नये. आवाज चढतात, जुनी उदाहरणं निघतात आणि वाद होता तिथेच राहतो. माझ्या मते तो पुढे सरकूच शकत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधतायत: कोड लिहिणारा माणूस भरवशाचा आहे का? जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाच्या चारित्र्याचा दाखला कोण देणार? आणि आज भला असलेला माणूस उद्या खातं दुसऱ्याच्या हाती देणार नाही, याची हमी कोण घेणार?

माझी भूमिका आधीच सांगतो. बाहेरून आणलेल्या कोडला, तो कुणीही लिहिलेला असो, मुळात नेटवर जाताच येऊ नये. जायची गरज असेल तर कुठल्या पत्त्यावर आणि कशासाठी, हे आधी लिहून ठेवावं आणि तेवढीच वाट उघडावी. ती उघडण्याचा निर्णय प्रोग्राम बनवणाऱ्याचा असावा, तो वापरणाऱ्याच्या गळ्यात घालू नये. आणि निर्णय पाळला जातो की नाही हे बघणारी यंत्रणा त्या कोडच्या बाहेर असावी, कारण पहारेकरी आणि ज्याच्यावर पहारा तो, हे एकाच खोलीत झोपवायचे नसतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीला माझा प्रोग्राम चालतो. सौदा झाला की शेतकऱ्याचं नाव, गाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर भरायचा, अडत-हमाली-तोलाई वजा व्हायची आणि पट्टी छापून हातात. ऐन हंगामात एका सकाळी रस्ता खोदताना केबल तुटली आणि नेट गेलं. पट्टीला नेट लागत नाही, त्यामुळे काम अडायचं कारण नव्हतं. पण अडत्या अण्णांचा फोन आला, "नेट गेल्यापासनं एकेक पट्टी भाईर पडाय वीस-वीस सेकंद लागायलीत. लोकं ताटकळल्यात." मी राजारामपुरीतून गेलो तेव्हा दारात शेतकऱ्यांची रांग होती आणि प्रिंटर प्रत्येक पट्टीआधी गप्प बसत होता. कारण शोधायला दुपार उजाडली. पट्टीची पीडीएफ बनवायला मी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड, घेतली होती. ती प्रत्येक पीडीएफच्या वेळी परदेशातल्या एका सर्व्हरला काहीतरी कळवत होती आणि नेट नसल्यामुळे उत्तराची वाट बघत बसत होती. नाव होतं 'वापराची आकडेवारी'. पाठवत काय होती? लायब्ररीची आवृत्ती, मशिनची माहिती आणि बनवलेल्या फाइलचं नाव. आणि फाइलचं नाव मीच ठेवलं होतं, सापडायला सोपं जावं म्हणून: शेतकऱ्याचं नाव, गाव, तारीख, रक्कम. किती दिवस हे चाललं होतं याचा हिशोब केला, तर आधीचा अख्खा हंगाम निघाला.

अण्णांना हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. ते रागावले नाहीत. समोर हमाल रवे उचलत होते, त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो गडी चिठ्ठी बघितल्याबिगर एक रवा गाडीत टाकत न्हाई. वीस वर्सं माझ्याकडं हाय, तरी टाकत न्हाई. मग माझा हिशोब बिनचिठ्ठीचा भाईर गेलाच कसा वो?" त्या प्रश्नात हमालावर अविश्वास नव्हता. माल दाराबाहेर जाताना चिठ्ठी लागते, एवढा तो साधा नियम आहे. उद्यमनगरातल्या कुठल्याही शॉपमध्ये, शिरोलीच्या कुठल्याही फाउंड्रीत हेच. जॉबवर्कला जाणारं कास्टिंग गेटपासशिवाय फाटकाबाहेर पडत नाही, मग नेणारा मालकाचा मेहुणा का असेना. मालाच्या बाबतीत जे आपल्याला पिढ्यान् पिढ्या कळतं, ते माहितीच्या बाबतीत आपण सोडून दिलं.

आणि सोडून दिलं हे अक्षरशः. अण्णांच्या दुकानातला संगणक विंडोजचा. विंडोजच्या फायरवॉलचा, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचा, मूळ कल असा, की बाहेरून आत येणारं, ज्याला परवानगी नाही ते, अडवायचं आणि आतून बाहेर जाणारं, ज्याला मनाई नाही ते, सोडायचं. हा जुन्या जकात नाक्याचा न्याय झाला: गावात येणाऱ्या गाडीची झडती, गावाबाहेर जाणारीकडे कुणी ढुंकून बघत नाही. धोका बाहेर आणि आपण आत, अशी परिस्थिती होती तोवर हे ठीक होतं. आज परका कोड आपण स्वतः, आपल्या हाताने, आत आणून बसवतो. नाका ओलांडूनच तो आलेला असतो.

मोठी प्रकरणं काढून बघा. 2018 मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाच्या पॅकेजच्या मूळ लेखकाला एका अनोळखी माणसाने मदतीची तयारी दाखवली आणि त्याने देखभाल त्याच्या हाती दिली. दर आठवड्याला लाखो वेळा उतरवलं जाणारं हे पॅकेज. नव्या माणसाने त्यात दुसऱ्या एका पॅकेजमार्गे कोड घुसवला, जो 'कोपे' नावाच्या बिटकॉइन पाकिटाच्या चाव्या चोरून बाहेर पाठवत होता. डिसेंबर 2021 मध्ये 'लॉग-फोर-जे'चं भोक उघडं पडलं. ही लायब्ररी नोंदी लिहिण्याची. प्रोग्राममध्ये काय घडलं ते वहीत उतरवून ठेवणं एवढंच तिचं काम. पण नोंदीच्या मजकुरात ठरावीक साच्याचा पत्ता आला, तर ती त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकत होती. म्हणजे कुणीही लॉगिनच्या रकान्यात नावाऐवजी तो पत्ता टाकावा आणि सर्व्हर ताब्यात घ्यावा. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली. माझा प्रश्न एवढाच, की वही लिहिणाऱ्या कारकुनाला बंदरावर जायचा परवाना दिला कुणी? कुणी दिला नव्हता. कुणी नाकारलाही नव्हता. ज्या सर्व्हरवर बाहेर जायची वाट बांधून ठेवलेली होती, तिथे हल्लेखोराचा तो नेहमीचा मार्ग मधेच तुटत होता.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. रामचंद्रपंत अमात्य बावडेकरांनी सुमारे 1715 मध्ये, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, जे आज्ञापत्र लिहिलं त्यात टोपीकर (युरोपीय) व्यापाऱ्यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. मला तो आजच्या वादात दोन्ही बाजूंपेक्षा शहाणा वाटतो. अमात्य त्यांना हाकलून द्या म्हणत नाहीत, त्यांचा व्यापार राज्याला हवा आहे. ते भले लोक आहेत असंही म्हणत नाहीत. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत, हे ते ओळखून आहेत. मग करायचं काय? येऊ द्यावं, व्यापार करू द्यावा, पण वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये. त्यांचं सगळं बळ आरमारात आणि समुद्रात आहे, ती वाट हाताशी राहिली की व्यापारी व्यापारी राहत नाही, हे त्यामागचं कारण. माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायच्या भानगडीत न पडता, मन फिरलं तर त्याच्या हातून काय होऊ शकेल ते जागेनेच ठरवून टाकायचं.

अमात्यांना हे सुचायला अनुभव होता. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला आले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. वखार होती मिरी-कापडाच्या व्यापाराची. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून त्या इंग्रजांना कैद केलं, ही शिक्षा झाली. आज्ञापत्रात जे आहे ते शिक्षेच्या पुढचं आहे, पुन्हा तशी वेळच येऊ नये यासाठीची रचना. आपण मात्र अजून शिक्षेपाशीच अडकलोय. दर वेळी कुठलं पॅकेज बाधलं याची यादी येते, ते काढून टाकतो आणि उरलेल्या हजारांना किनारा मोकळाच राहतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप जावा या प्रोग्रामिंग भाषेचे जुनेजाणते लोक घेतात आणि तो मला मान्य करावा लागतो. ते म्हणतात, हे सगळं करून झालं आहे. 1996 मध्ये जावा आली तीच परका कोड कोंडून ठेवण्याचं वचन घेऊन. अॅपलेटला, म्हणजे वेबपानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामला, ज्या सर्व्हरवरून ते आलं त्याच्याशीच बोलता येई. 'सिक्युरिटी मॅनेजर' नावाची पहारेदारी होती, तीत नेटची परवानगी पत्त्यासकट लिहिता येत होती. झालं काय? सर्व्हरवर ती फार थोड्यांनी वापरली, अॅपलेटच्या पिंजऱ्याला वर्षानुवर्षं भोकं सापडत राहिली, 2021 मध्ये जावा 17 ने ती यंत्रणा मोडीत काढायचं जाहीर केलं आणि 2025 मध्ये जावा 24 मध्ये ती कायमची बंद झाली. पाव शतक प्रयत्न करून सोडून दिलेली गोष्ट तुम्ही पुन्हा का उकरता? पण ती का मेली ते बघायला हवं. पहारेकरी आणि कैदी एकाच प्रोसेसमध्ये (एकाच चालू प्रोग्राममध्ये), एकाच मेमरीत राहत होते. परवानगी आहे का हे बघायला, कोडच्या कुठल्या तुकड्याने कुठल्या तुकड्याला बोलावलं ही अख्खी साखळी मागे तपासत जावी लागे. आणि सर्व्हरवर ती मुळात बंदच असे, हौस असेल त्याने चालू करायची. त्याच काळात दुसरीकडे ब्राउझर वाढत होता. आज माझी आईसुद्धा दिवसाकाठी शेकडो अनोळखी लोकांचा कोड मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालवते आणि तो कोड तिच्या बँकेच्या पानातला मजकूर वाचू शकत नाही. तिथे भिंत मुळातच उभी आहे, वेगवेगळ्या प्रोसेसच्या मधे आहे, आणि पान कुठल्या पत्त्यांशी बोलेल याची यादीही पान बनवणाऱ्याला देता येते. कल्पना तीच होती. एका ठिकाणी ती चुकीच्या जागी बांधली म्हणून मेली, दुसऱ्या ठिकाणी अब्जावधी लोकांची रोजची सवय झाली.

यातूनच दुसरी अडचण निघते आणि ती मला स्वतःला भोगावी लागली. परवानगी प्रोसेसला मिळते, लायब्ररीला नाही. मे 2020 मध्ये 1.0 आवृत्ती आलेल्या डेनोमध्ये (हे जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारं साधन) नेट मुळात बंद असतं, मागितल्याशिवाय मिळत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण एकदा प्रोग्रामला दिलं की त्यात ओढलेल्या शंभर पॅकेजेसनाही मिळालं. माझ्या प्रोग्रामला शेतकऱ्याला एसएमएस पाठवायला आणि बॅकअपला नेट लागतंच. मग पीडीएफची लायब्ररी त्याच पदराआडून बाहेर गेली. उपाय काय केला? पीडीएफचं काम वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये काढलं. मुख्य प्रोग्राम एका फोल्डरमध्ये हिशोब ठेवतो, छोटा प्रोग्राम तो उचलून पीडीएफ बनवून परत ठेवतो आणि त्याला फायरवॉलमध्ये बाहेर जायची सरसकट मनाई. मुख्य प्रोग्रामला दोनच पत्ते. दोन दिवस लागले. सुटसुटीत आहे असं मी म्हणणार नाही, हलणारे भाग वाढले. पण लायब्ररीला हवं तेवढं तोंड उघडू दे, दारापर्यंत तिचा आवाज जात नाही.

'गळती थांबतच नाही' असं म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी 1973 मध्येच दाखवून दिलं होतं, की प्रोग्रामला पूर्ण कोंडणं महाकठीण, परवानगी असलेल्या वाटांच्या आडूनही माहिती झिरपते. आज डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेला, नुसतं नाव विचारण्याच्या निमित्तानेही बाहेर निरोप जातो. सप्टेंबरच्या त्या किड्याने चाव्या टाकल्या त्या गिटहबवर, जे प्रत्येक प्रोग्रामरच्या यादीत उघडंच असतं. आणि मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या लायब्ररीत सापडलेला चोरदरवाजा तर आत येण्यासाठीचा होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरने चिकाटीने शोधलं म्हणून तो कळला. माझ्या नियमाने तो अडला नसता, हे मला मान्य आहे. पण झिरपणं आणि मोकळा प्रवाह यांत फरक नाही का? यादी दोन पत्त्यांची असली की चोराला त्या दोघांतून वाट काढावी लागते. ती अरुंद आणि हळू असते, आणि यादीबाहेर पडायचा प्रत्येक प्रयत्न नोंदीत उमटतो. एरवी जो अदृश्य असतो तो निदान दार ठोठावताना सापडतो.

परवानगीचा प्रश्न वापरणाऱ्याला विचारायचा, हा मार्ग मात्र मला मुळापासून चुकीचा वाटतो आणि इथे मी परवानग्यांना वैतागणाऱ्या विरोधकांच्याच बाजूने आहे. अँड्रॉइड 2015 पासून कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण यांसाठी दर अॅपमागे विचारतं. आपण 'परवानगी द्या' दाबत सुटतो. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की नेटसाठी ते विचारतच नाही. कॅल्क्युलेटरच्या अॅपनेही नेट मागितलं तर उतरवताक्षणी मिळतं. दोन्ही टोकं वाईट. पुराच्या रात्री बंधाऱ्यावर उभ्या माणसाला दर मिनिटाला 'पाणी सोडू का?' विचारण्यात काय अर्थ आहे? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारत नाहीत. पाणी पातळीला आलं की उघडतात, प्रत्येकातून 1428 क्युसेक जातं, ओसरलं की मिटतात. शाहू महाराजांच्या त्या धरणात निर्णय बांधकामातच घेऊन ठेवलेला आहे. आणि जिथे माणसाचा हात हवा तिथे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांनी. परवानगी अशीच बदलावी: क्वचित, उजेडात आणि कुणाच्या तरी जबाबदारीवर.

आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या ऑफिसला हे परवडतं का, असं विचारणारे खरे अडचणीतले असतात. पण साधनं विकत घ्यायची नाहीत. विंडोजच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रामवार मनाई करता येते. लिनक्सवर सिस्टमडीला, म्हणजे तिथल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेला, दोन ओळींत सांगता येतं की या सेवेला अमुक पत्ता सोडून सगळं बंद. डॉकरच्या कंटेनरला (प्रोग्राम वेगळा कोंडून चालवायच्या डब्याला) नेटवर्कच द्यायचं नाही, हा एका शब्दाचा पर्याय आहे. कोड जुळवण्याच्या, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या, टप्प्याला तर नेट लागूच नये. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा तसा नियमच आहे आणि पॅकेजेस जुळवणाऱ्या निक्स या साधनात बाहेरून जे आणायचं त्याचा ठसा (फाइल बदलली तर बदलणारा ओळख-आकडा) आधी लिहून द्यावा लागतो, बाकी सगळी जुळवणी नेट तोडून होते. हजारो पॅकेजेस या शिस्तीत रोज तयार होतात. खर्च आहे तो सवय मोडण्याचा.

घाईचं आणखी एक कारण आता आलं आहे. एआय एजंट आमच्या ऑफिसांत शिरले आहेत. ते मेल वाचतात, वेबपानं वाचतात, स्वतः कोड लिहून स्वतःच चालवतात. एखाद्या पानात कुणी दडवून ठेवलेली सूचना ते मालकाचा हुकूम समजून पाळू शकतात. आत खासगी माहिती, समोर अनोळखी मजकूर आणि हाताशी बाहेर जायची वाट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घात होतो, असं सायमन विलिसन या प्रोग्रामरने 2025 मध्ये लिहिलं. या तिघांतली पहिली काढली तर एजंटचा उपयोग संपतो, दुसरी काढता येत नाही. तिसरी आपल्या हातात आहे. पूर्वी परका कोड निदान आधी लिहिलेला तरी असायचा, कुणाला वाचायचा तर वाचता यायचा. आता तो त्या क्षणी लिहिला जातो. त्याच्या लेखकाचा भरवसा तपासणार तरी कसा?

म्हणून माझी मागणी आपल्याच जिल्ह्यातल्या संस्थांकडे आहे. दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाने, विकास सोसायट्या, सगळ्या सॉफ्टवेअर घेतात आणि सभासदांची नावं, खाती, बिलं त्यात भरतात. करारात दर असतो, देखभाल असते, प्रशिक्षण असतं. एक पान वाढवा: हा प्रोग्राम कुठल्या कुठल्या पत्त्यांशी बोलणार, प्रत्येकाशी कशासाठी, आणि बाकी सगळं बंद ठेवून तो चालवून दाखवला का. माझ्यासारख्या विकणाऱ्याला हे पान लिहिताना घाम फुटेल. मला फुटला. निम्म्या गोष्टी माझा प्रोग्राम का करतो हे मलाच शोधावं लागलं.

अण्णांच्या संगणकाशेजारी, उदबत्तीच्या घराच्या खाली, ते पान आता चिकटवलेलं आहे. दोन पत्ते, पुढे कारण, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. मागच्या आठवड्यात बॅकअप घेणाऱ्यांनी त्यांचा सर्व्हर बदलला आणि बॅकअप थांबला. रात्री नऊला अण्णांचा फोन आला. वैतागलेलेच होते, पण पहिला प्रश्न होता, "तिसरा पत्ता मागायलंय. कुणाचा हाय त्यो?" मी बॅकअपवाल्यांना फोन लावून खात्री केली, पाऊण तास गेला. सकाळी जाऊन पानावर जुना पत्ता खोडला, नवा लिहिला, आणि त्यांनी चष्मा लावून तो अक्षर अक्षर स्क्रीनवरच्या पत्त्याशी ताडून बघितला, मगच सही केली.